दोन्ही बाजूंचे वक्ते

आमच्या चौकात सलून चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे होयबा म्हणत. पाठीमागे नव्हे, चक्क तोंडावर, आणि तेही त्याला "हो" म्हणत. सकाळी खुर्चीत बसलेला माणूस म्हणाला, की हल्ली ऊन फार वाढलंय, तर होयबा म्हणायचे, हो ना, अंगाची लाही होते. दुपारी त्याच खुर्चीत बसलेला दुसरा म्हणाला, की पूर्वीसारखं ऊन आता राहिलं नाही, तर म्हणायचे, अगदी बरोबर, नुसतं नावाला पडतं. दोघंही मानेवरचे केस झटकत खुशीत घरी जात.

ही सवय काही जन्मजात नव्हती. तरुणपणी होयबा चांगले वाद घालणारे होते. एकदा एका गिऱ्हाइकाच्या मिश्या कोरताना फुटबॉलच्या सामन्यावरून बोलणं निघालं. तो गोल झालाच नव्हता, असं होयबांनी ठासून सांगितलं. झाला होता, असं सांगायला गिऱ्हाइकाने मान वळवली. वस्तरा होता तिथेच राहिला आणि उजवी मिशी खाली आली. मग डावीही काढावी लागली. त्या माणसाचं लग्न आठवड्यावर आलं होतं. लग्नाच्या फोटोत तो स्वतःच्या धाकट्या भावासारखा दिसतो, असं त्याची बायको अजून सांगते. त्या दिवशी होयबांनी कानाला खडा लावला: हातात वस्तरा असताना समोरच्याचं म्हणणं खोडायचं नाही. आणि हातात वस्तरा नाही असा वेळ त्यांना मिळतोय कधी?

याचा भुर्दंड त्यांच्या बायकोला पडायचा. वर्गणी मागणारे, विम्याचे एजंट, खुर्च्या उसन्या न्यायला आलेले, सगळ्यांना होयबा हो म्हणायचे आणि घराचा पत्ता द्यायचे. ती घरी शिवणकाम करायची. मशीन थांबवून दारात यायचं, नाही म्हणायचं आणि पुन्हा मशीनवर बसायचं, हे तिचं दिवसभराचं दुसरं काम. त्यामुळे चौकात नवरा देवमाणूस आणि बायको खाष्ट अशी कीर्ती झाली होती. "सगळे होकार तुमचे आणि सगळे नकार माझे," ती म्हणायची, "असा संसार कुणी वाटून घेतलाय का?" होयबा म्हणायचे, खरंय तुझं.

सलूनमध्ये खुर्च्या तीन. एकीपाशी होयबा, दुसरीपाशी त्यांच्याकडे पगारावर असलेला जोडीदार. तिसरी खुर्ची मागे झुकली की परत वर येत नसे, म्हणून तिच्यावर वर्तमानपत्रं ठेवलेली असत. हा जोडीदार चाळिशी ओलांडलेला, दोन मुलींचा बाप. होयबा जितके बोलायचे तितका तो गप्प. हात मात्र इतका हलका, की म्हातारी माणसं दाढी करून घेता घेता घोरायला लागायची. तो राहायचा शहराच्या पार बाहेर. शहरात भाड्याची खोली त्याला झेपत नव्हती. सकाळी दोन बस बदलून यायचा, रात्री दोन बस बदलून जायचा. निघताना मुली झोपलेल्या, पोचताना परत झोपलेल्या. "मी माझ्या मुलींना आडव्याच ओळखतो," एकदा तो म्हणाला होता. "उभ्या केवढ्या झाल्यात ते बायकोला विचारावं लागतं."

आता चौकाच्या मागे नगरपालिकेचं एक जुनं गॅरेज होतं. पूर्वी कचऱ्याच्या गाड्या तिथे दुरुस्तीला यायच्या. गाड्या दुसरीकडे हलल्या आणि मागे उरले तेलाचे डाग, गंजलेले पत्रे आणि त्यांवर ऊन खात पडलेली मांजरं. त्या वर्षी नगरपालिकेने परवडणाऱ्या घरांसाठी वेगळा निधी काढला. गॅरेज पाडून तिथे चार मजली इमारत बांधायची आणि जे शहरात काम करतात पण ज्यांना शहरात राहणं परवडत नाही अशांना ती घरं कमी भाड्याने द्यायची, असा बेत होता. निधी वर्ष संपायच्या आत मंजूर झाला नाही, तर तो दुसऱ्या कामाला वळणार होता. मंजुरीच्या आधी लोकांचं म्हणणं ऐकायचं ठरलं, आणि तिथून आमच्या चौकात दोन तट पडले.

विरोधकांचे म्होरके होते मॅनेजरसाहेब. म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले, पण साहेबपण अजून नोकरीत. त्यांचं घर गॅरेजच्या बरोबर समोर. माणूस दुष्ट नव्हता, गांजलेला होता. त्यांच्या फाटकासमोर रोज कुणीतरी गाडी लावून जायचं आणि साहेब बनियनवर बाहेर येऊन त्या गाडीच्या मालकाला शोधत गल्लीभर फिरायचे. कित्येक वर्षं ते गॅरेजच्या जागी पार्किंग मागत होते. आता तिथे चार मजले माणसं येणार म्हटल्यावर त्यांचा तोल गेला. निधी आहे तर रस्ता करा, दिवे लावा, गाड्यांना जागा द्या, असं ते खुर्चीत बसून तावातावाने बोलले. कानामागचे केस कापता कापता होयबा म्हणाले, "हो साहेब. माणसाने गाडी काय डोक्यावर ठेवायची?" हे वाक्य साहेबांना इतकं आवडलं, की त्यांनी ते चार ठिकाणी स्वतःचं म्हणून सांगितलं.

दुसऱ्या बाजूला होती हॉस्पिटलातली सिस्टर. ती एक दिवसाआड वडिलांना दाढीसाठी हाताला धरून घेऊन यायची. वडील पूर्वी टायपिस्ट होते, आता बोटं थरथरायची. बाप-लेक शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत राहत, आणि घरमालकाला ती खोली मुलासाठी परत हवी होती. सिस्टरने बस कंडक्टर, झाडूवाल्या, शाळेतल्या मदतनीस बाया अशी बरीच माणसं गोळा केली होती. रात्रपाळी करून मी शहराबाहेर जाऊ तरी कुठे आणि तोवर बाबांना बघणार कोण, असं तिने विचारलं. होयबा तुरटी फिरवत म्हणाले, "खरं आहे, सिस्टर. जे शहर चालवतात त्यांनाच शहरात जागा नको?" तिलाही ते वाक्य फार आवडलं.

मग व्हायचं ते झालं. साहेब म्हणाले, सुनावणीत आपल्या बाजूने बोलणाऱ्यांत तुमचं नाव देतो, लोक तुमचं ऐकतात. होयबा हो म्हणाले. त्याच आठवड्यात सिस्टर म्हणाली, काका, आमच्याकडून तुम्ही बोला. होयबा तिलाही हो म्हणाले.

बायकोला हे कळायला वेळ लागला नाही. साहेबांची बायको पडदे शिवायला टाकायला आली तेव्हा एक बाजू कळली, सिस्टर उसवलेला गणवेश शिवून घ्यायला आली तेव्हा दुसरी. संध्याकाळी तिने नवऱ्याला समोर बसवलं.

"दोन डगरींवर पाय ठेवायला निदान पाय तरी दोन असतात," ती म्हणाली. "तुम्हाला जीभ एकच आहे. ती कुणाकडून बोलणार?"

होयबा म्हणाले, त्या दिवशी घसा बसेल बहुतेक.

"ते राहू द्या. तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

या प्रश्नावर होयबा बराच वेळ भिंतीकडे बघत बसले. ते टाळत नव्हते, शोधत होते. इतकी वर्षं दुसऱ्याला काय वाटतं ते क्षणात ओळखायची सवय झालेली, स्वतःचं काही हाताशी लागेचना. शेवटी म्हणाले, "मला नाही सांगता येत."  बायकोला त्यांची पहिल्यांदाच थोडी काळजी वाटली.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारच्या मोकळ्या वेळात, जोडीदार कंगवे धूत होता. पाठ न वळवताच तो बोलला.

"दादा, आमच्याकडे एक नवं सलून निघालंय. मला बोलावतायत. पुढच्या महिन्यापासून जावं म्हणतो."

"हो, बरोबर आहे तुझं," होयबा म्हणाले. "घराजवळ असलेलं बरं."

जोडीदाराचे हात पाण्यात थोडे थांबले. आणखी काही येतंय का याची त्याने वाट बघितली असावी. मग त्याने पुढचा कंगवा उचलला. होयबांच्या लक्षात आलं तोवर दारात गिऱ्हाईक आलं होतं आणि बोललेला शब्द परत घेण्याची वेळ निघून गेली होती. त्या दिवशी त्यांनी एका मास्तरांचे केस इतके बारीक कापले, की मास्तरांना वाटलं आपण मागच्या वेळचेही पैसे वसूल करून घेतले.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. मग तुम्ही काय म्हणालात, असं तिने विचारलं. "हो म्हणालो," ते म्हणाले आणि जेवणावरून उठले. एरवी तिने फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी तिने ताट झाकून ठेवलं.

सुट्टीच्या दिवशी होयबा कुणालाही न सांगता जोडीदाराच्या घरी निघाले. इतक्या वर्षांत ते कधी गेलेच नव्हते, जोडीदारच रोज येतो म्हटल्यावर जायचं कशाला? पहिल्या बसमध्ये त्यांना बसायला मिळालं, दुसरीत उभं राहायलाही मिळेना. मधल्या थांब्यावर सावलीला टपरीसुद्धा नव्हती. पोचेपर्यंत त्यांची इस्त्री आणि उमेद दोन्ही मोडली होती. जोडीदाराला राजीनामा मागे घ्यायला लावायचं, पगार वाढवून द्यायचा, असं बरंच काही त्यांनी वाटेत जुळवलं होतं.

दार थोरल्या मुलीने उघडलं. बापाच्या खांद्याला लागलेली. तिने आतून पाण्याचे दोन पेले आणले. एक होयबांना दिला आणि दुसरा बापाला, तसाच दोन्ही हातांनी, जरा अवघडून, जपून. धाकटी आईच्या आडून दोघांकडे सारखीच बघत होती. जोडीदाराने पेला घेतला आणि "बस की" म्हणाला, तर ती पाहुण्यांसमोर नको म्हणून लाजावं तशी आत गेली.

होयबांनी जुळवलेलं सगळं तिथेच विरघळलं. कशासाठी येणं केलंत, असं जोडीदाराच्या बायकोने विचारलं, तर म्हणाले, सहज. परतीची बस चुकली. पुढची येईपर्यंत ते थांब्यावर एकटेच बसून राहिले. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "मला काय वाटतं ते सापडलं." 

सुनावणीच्या दिवशी नगरपालिकेचं सभागृह भरून गेलं. पंखे सगळे चालू, वारा कुणालाच नाही. माइक मध्येच शिट्टी मारत होता. नगराध्यक्षा बाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे त्या नावं हजेरी घेतल्यासारखी पुकारत आणि माणसं आपोआप सरळ बसत. आधी विरोधकांची पाळी. मॅनेजरसाहेब मुद्देसूद बोलले. अरुंद रस्ता, पाण्याचा कमी दाब, एखादा आगीचा बंब आत यायचा झाला तर कसा येणार. डोक्यावर गाडीचं वाक्यही आलं आणि टाळ्या पडल्या. मग बाईंनी होयबांचं नाव पुकारलं.

सिस्टरच्या बाजूची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. होयबा उठले, माइकपाशी गेले आणि म्हणाले, "गाड्यांचा त्रास आहे. साहेब म्हणतात ते खरं आहे." एवढं बोलून परत जागेवर येऊन बसले. साहेबांनी समाधानाने मान हलवली. सिस्टरने मान खाली घातली.

पुढे घरं मागणारे बोलले. कंडक्टर बोलला, शाळेतली बाई बोलता बोलता रडली, सिस्टर न रडता बोलली. तिच्यानंतर बाईंनी पुढचं नाव वाचलं आणि चष्मा काढला. सभागृहात खसखस पिकली.

"अहो, तुम्ही मघाशी बोललात ना?" बाई म्हणाल्या. "तुम्ही नेमके कुणाचे?"

होयबा माइकपाशी उभे राहिले. हातात काहीच नव्हतं, त्यामुळे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी माइकचा दांडा धरला.

"मी दोघांनाही हो म्हटलं होतं, बाई," ते म्हणाले. "कुणाला नाही म्हणायची सवय नाही मला, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आज म्हणावं लागतंय. साहेब, पार्किंगला माझं नाही."

साहेबांची हलणारी मान थांबली.

"माझ्या शेजारच्या खुर्चीपाशी एक माणूस उभा असतो. इथल्या निम्म्या लोकांच्या दाढ्या त्याने केल्यात. तो आता सोडून चाललाय, कारण त्याला इथे खोली मिळत नाही. मी परवा त्याच्या घरी गेलो होतो. त्याच्या मुलीने आम्हा दोघांना पाणी दिलं. मी पाहुणा होतो. तो बाप होता. पण तिने दोघांना सारखंच दिलं, पाहुण्याला देतात तसं." ते थांबले. "मला एवढंच बोलता येतं. तो निधी घरांना द्या."

टाळ्या वगैरे काही पडल्या नाहीत. साहेबच जागेवरून उठले.

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुमची दाढी चालू होती, साहेब," होयबा म्हणाले.

सगळं सभागृह हसलं. बाईंनीही फाइल तोंडासमोर धरली. साहेब तेवढे हसले नाहीत.

आता या भाषणाने सगळी मनं पालटली असं मी म्हणालो तर ती थाप होईल. नगरसेवक पुढे दोन बैठका भांडत राहिले. कुणी म्हणाला रस्ता आधी, कुणी म्हणाला माझ्या वॉर्डात का नाही. शेवटी नगरपालिकेच्या इंजिनिअरबाईंनी तोडगा काढला: तळमजला गाड्यांसाठी मोकळा ठेवायचा आणि वर तीनच मजले घरं बांधायची. थोडक्या मतांनी निधी मंजूर झाला. एक मजला गेला म्हणून सिस्टर चिडली होती, गाड्यांना अर्धीच जागा मिळाली म्हणून साहेब चिडले होते.

साहेबांनी सलूनही सोडलं. बाजारात काचेच्या दारांचं एक नवं दुकान झालं होतं, तिथे ते गेले. तिथल्या पोराने न विचारता त्यांच्या कानाच्या वर मशिनने एक रेघ ओढली, हल्लीच्या गायकांसारखी. ती बुजेपर्यंत साहेब घरातही टोपी घालून वावरत होते. पुढच्या वेळी मुकाट्याने येऊन होयबांच्या खुर्चीत बसले. होयबांनी त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं. मग साहेब म्हणाले, "मागून जरा कमी ठेवा." होयबा म्हणाले, "नाही साहेब, तुमच्या मानेला ते शोभत नाही." साहेबांनी आरशातून त्यांच्याकडे बघितलं आणि ऐकलं.

हे एक नवंच सुरू झालं होतं. महिन्यातून तीन-चारदा होयबा कुणालातरी नाही म्हणायचे आणि मग दिवसभर आतून खूश असायचे. बायकोच्या दारावरची वर्दळ थोडी कमी झाली.

जोडीदार मात्र ठरल्याप्रमाणे गेलाच. निधी मंजूर झाला म्हणून दुसऱ्या दिवशी घर उभं राहत नाही. "तोवर काय मी गॅरेजात मांजरांबरोबर झोपू?" असं त्याने विचारलं. पण या वेळी होयबांनी नुसतं हो म्हणून सोडून दिलं नाही. घासाघीस केली. आठवड्याचे दोन गर्दीचे दिवस त्याने आपल्याकडेच यायचं, असं पदरात पाडून घेतलं. बाकीचे दिवस ते एकट्याने सलून ओढत. म्हातारी मंडळी कुरकुरायची, की तुमच्या हाताखाली झोप लागत नाही.

इमारत व्हायला दोन वर्षं लागली. गॅरेज पडलं तेव्हा चौकात धूळ, पाया खणला तेव्हा चिखल, आणि सलूनचे आरसे दिवसातून तीनदा पुसावे लागत. पुढे घरांची सोडत निघाली. सिस्टरचं नाव पहिल्याच दिवशी लागलं. वडिलांना बातमी दिली तर त्यांनी विचारलं, लिफ्ट आहे का? लिफ्ट होती. जोडीदाराचं नाव लागलं नाही. तो शांतपणे दोन बस बदलून घरी गेला, आणि होयबांनी त्या संध्याकाळी सलून लवकर बंद केलं. प्रतीक्षायादीत असणं म्हणजे नसणंच, असं दोघंही धरून चालले होते. पण ज्यांना घर लागलं होतं त्यांतल्या एका वायरमनची बदली झाली, त्याने घर सोडलं, आणि एका सकाळी नगरपालिकेतून जोडीदाराला फोन आला. तो दाढी अर्धवट सोडून बाहेर गेला. ज्याची दाढी अर्धवट राहिली ते मॅनेजरसाहेबच होते. गालाला फेस तसाच ठेवून ते दारापर्यंत काय झालं ते बघायला आले.

सामान आलं त्या दिवशी टेम्पो कुठे उभा करायचा याचा ताबा साहेबांनी आपणहून घेतला. मागे या, अजून मागे, थांबा म्हणालो ना, असं ते रस्त्याच्या मधोमध उभे राहून ओरडत होते. लोखंडी कपाट लिफ्टमध्ये मावेना म्हणून ते जिन्याने चढवायला घेतलं आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलं. खालून होयबा आणि कंडक्टर, वरून जोडीदार. तिरकं करा, असं साहेब खालून सांगत होते. उभं करा, असं सिस्टर वरून सांगत होती. शेवटी जोडीदाराची बायको पदर खोचून आली, पान्याने कपाटाची दारं काढली आणि कपाट सुटलं. दारं वर कुणी न्यायची यावरून दोन्ही मुलींचं बापाशी जोरदार भांडण झालं. आम्हीच का, असं थोरली ठणकावून विचारत होती, आणि बाप मोठ्या आवाजात तिला आळशी म्हणत होता. होयबा जिन्याच्या पायरीवर टेकून घाम पुसत ते सगळं ऐकत होते.

आता जोडीदार पुन्हा रोज सलूनमध्ये असतो. दुपारी जेवायला घरी जातो. दोन बस बदलून यायचा तेव्हा शटर उघडायच्या आधी दारात हजर असायचा. आता मागच्या गल्लीतून येतो आणि रोज उशीर करतो. धाकटीची वेणी घालत होतो, म्हणतो.